शाहूकाळातला साधा कोल्हापूरकर उभा करायचाय? पुरुषांच्या पोशाखाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही लिव्हिंग हिस्टरीचे, म्हणजे जुन्या काळातला माणूस बनून दिवसभर लोकांत वावरायचे कार्यक्रम करतो. २६ जूनची शाहू जयंती जवळ आली की आणि परत दसऱ्याच्या तोंडावर आम्हाला पोशाखाबद्दल तेच तेच मेसेज यायला लागतात, म्हणून सगळे प्रश्न एका जागी लावलेत. काळ धरलाय साधारण १८९५ ते १९२०. जागा कोल्हापूर शहर आणि भोवतालची खेडी. माणूस साधा, म्हणजे शेतकरी, दुकानदार, कारकून, विद्यार्थी, कारागीर. सरदार, सैनिक आणि राजघराणं यात धरलेलं नाही.

१. लिव्हिंग हिस्टरी आणि फॅन्सी ड्रेस यात फरक काय?

फॅन्सी ड्रेस लांबनं बघायचा असतो. लिव्हिंग हिस्टरीत लोक जवळ येतात, कापडाला हात लावतात, "हे काय घातलंय?" म्हणून विचारतात आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. दिवसभर त्याच कपड्यात बसायचं, चालायचं, ओझं उचलायचं, जेवायचं. कपडा खरा असला तर तुमची चालसुद्धा बदलते, मांडी घालून बसायची पद्धत बदलते. म्हणून आतला कपडा, शिवण, बटण असल्या न दिसणाऱ्या गोष्टींवर पण आम्ही इतका वेळ घालवतो.

२. आमच्याकडं मावळ्याचा ड्रेस हाय, तोच घालून आलो तर चालंल का?

नाही चालणार. भाड्यानं मिळणारा तो ड्रेस बहुतेक वेळा सॅटिनचा किंवा पॉलिस्टरचा असतो, कडेनं सोनेरी लेस, वर पुठ्ठ्यावर गुंडाळलेली पगडी. तो मिरवणुकीसाठी शिवलेला आहे आणि तिथं ठीक आहे. पण तो १६६० चा पण नाही आणि १९०० चा तर अजिबातच नाही. शिवाय आमच्या कार्यक्रमात हत्यार नसतं, बाजारातला नाहीतर शेतातला माणूस दाखवायचा असतो.

३. कोल्हापूर म्हटलं की पन्हाळा आठवतो, मग शिवकाळच का करत नाही?

करावासा सगळ्यांनाच वाटतो. अडचण पुराव्याची आहे. सतराव्या शतकातल्या राजांची, सरदारांची चित्रं मिळतात, पण पन्हाळ्याच्या पायथ्याला नांगर धरणारा माणूस नेमकं काय घालायचा याचं चित्र मिळणं फार अवघड आहे, आणि मग रिकाम्या जागा सिनेमा आणि कॅलेंडर बघून भरल्या जातात. शाहूकाळाचं तसं नाही. फोटो आहेत, १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर आहे ज्यात लोकांच्या कपड्यांची वर्णनं आहेत, न्यू पॅलेसमधल्या म्युझियममध्ये त्या काळातल्या वस्तू आहेत आणि कितीतरी घरात ट्रंकेच्या तळाला एखादं उपरणं अजून सापडतं. चुकलं तर कुठं चुकलं ते दाखवता येतं, आणि आमच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय आहे. शिवकाळ करायचाच असेल तर निदान प्रश्न ११ आणि १२ आधी वाचा, शिलाई आणि रंगाचे नियम तिथं पार बदलतात.

४. सुरुवात कुठनं करायची? आधी काय खरेदी करू?

आधी काहीच खरेदी करू नका. आधी माणूस ठरवा. साल कोणतं, गाव कोणतं, वय किती, धंदा काय, महिना कोणता. एवढं एका कागदावर लिहा आणि मगच बाजारात जा.

का सांगतो. समजा तुम्ही १९०८ सालचा, करवीर तालुक्यातला, चाळिशीतला शेतकरी ठरवला आणि महिना आषाढ. मग लगेच कळतं की पायात बहुधा काही नाही, धोतर आखूड आणि गुडघ्याच्या वर, अंगात जुनी बंडी, डोक्याला मळका पटका, वर डोक्यावरनं घेतलेली घोंगडीची खोळ. तोच माणूस चैत्रात जोतिबाच्या यात्रेला निघाला की धुतलेलं धोतर, बरा सदरा, ठेवणीतला पटका, पायात वहाणा. आणि त्याच साली राजाराम कॉलेजात शिकणारा, बोर्डिंगमध्ये राहणारा विशीतला पोरगा असेल तर कोट, टोपी, हातात पुस्तकं. तिघांचे कपडे एकमेकांना चालत नाहीत. आधी भारी फेटा घेतला आणि मग त्याखाली माणूस शोधायला लागलात की काहीच जुळत नाही, ना पाय ना डोकं.

५. कमीत कमी किती कपड्यात भागतं?

खेड्यातला माणूस करणार असाल तर धोतर, लंगोट, बंडी किंवा पैरण, पटका आणि घोंगडी, एवढ्यात पूर्ण माणूस उभा राहतो. पायात काही नसलं तरी चालतं. शहरातला करायचा असेल तर धोतर, सदरा, बंद गळ्याचा कोट, टोपी किंवा पागोटं, उपरणं आणि पायात जोडा. खेड्यातला माणूस स्वस्तात होतो आणि आमच्याकडं नेहमी कमी पडतो, त्यामुळं नवीन लोकांना आम्ही तोच करायला सांगतो.

६. धोतर किती लांबीचं घ्यायचं? दुकानात सगळी एकसारखीच दिसतात.

पूर्वी धोतर जोडीनं विकलं जायचं, दोन पानं एकत्र विणलेली, घरी आणून मधनं कापायची. लांबी हातात सांगायचे. नऊ हात म्हणजे साधारण चार मीटरच्या थोडं वर, दहा हात म्हणजे साडेचार मीटर. तुम्ही पावणेसहा फूट किंवा त्याहून उंच असाल, नाहीतर अंगानं भरलेले असाल, तर दहा हातीच घ्या, नऊ हाती नेसलं की निऱ्याच पुरत नाहीत.

काठ अरुंद, एक दोन बोटांचा, लाल, काळा नाहीतर गर्द निळा. आजकाल जे बोटबोट सोनेरी जरीचे काठ मिळतात ते लग्नातल्या नवरदेवासाठी असतात, साध्या माणसाला ते घेऊ नका. रेशीमकाठी धोतर सधन माणसाकडं असायचं, पण तेही रोज नेसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिश्र धागा नको, दुकानदार "कॉटनच आहे" म्हणाला तरी प्रश्न १० मधली परीक्षा करा.

७. मला धोतर नेसता येत नाही, इलॅस्टिकवालं रेडिमेड चालंल का?

नाही, आणि नेसणं वाटतं तेवढं अवघड पण नाही. पान कमरेमागनं घ्या, दोन्ही टोकं पुढं आणा, एक बाजू थोडी जास्त लांब ठेवा आणि बेंबीखाली पक्की गाठ मारा. एक टोक दोन पायांमधनं मागं न्या, काठाच्या चुण्या करून मागं कमरेत खोवा, हा कासोटा. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या घालून पुढं खोवा, खाली जो सुटा राहतो तो सोगा. शहरातला माणूस सोगा घोट्यापर्यंत सोडायचा, कामाचा माणूस सगळं वर ओढून गुडघ्यापर्यंत घट्ट आणायचा.

गाठ सैल राहिली तर कासोटा कितीही चांगला खोवला तरी दहा पावलात सुटतो, सगळा जीव गाठीत आहे. घरात कोणी वयस्कर असतील तर त्यांच्याकडनं शिका, व्हिडिओ बघून शिकण्यापेक्षा लवकर येतं. आठवडाभर घरी रोज संध्याकाळी नेसून जिना चढा उतरा, उकिडवं बसा, सायकलवर मात्र बसू नका. खाली लंगोट घाला, चड्डी घातली की ती पातळ धोतरातनं दिसते.

८. वर अंगात काय? झब्बा चालतो का, नेहरू शर्ट?

दुकानातला आजचा झब्बा किंवा नेहरू शर्ट नको, त्याची कॉलर, खांदा, कापणी सगळं नंतरचं आहे. पर्याय असे:

बंडी सगळ्यात सोपी. आखूड, बिनबाह्यांची किंवा अर्ध्या बाह्यांची, पुढं खिसे. शेतकरी, हमाल, कारागीर सगळ्यांना चालते. बाराबंदीला बटणं नसतात, बंदांनी बांधायची, ही खेड्यातल्या आणि वयानं मोठ्या माणसाला शोभते. पैरण आणि सदरा डोक्यातनं घालायचे, गळ्यापासनं छातीपर्यंतच उघडे. आजच्या शर्टासारखी खालपर्यंत बटणपट्टी देऊ नका, शिंप्याला हे चार वेळा बजावून सांगा नाहीतर सवयीनं तो तशीच पट्टी लावतो. कॉलर नाही, नाहीतर उभी बारीक पट्टी.

कोट म्हणजे बंद गळ्याचा, गुडघ्याच्या वर, सुती किंवा लोकरीचा, काळा, करडा, तपकिरी नाहीतर पांढरा. धोतरावर कोट हा त्या काळातल्या शहराचा खास पोशाख आहे, वकील, मास्तर, कारकून सगळे असेच. आज तो कोणी करत नाही आणि म्हणूनच तो एक माणूस उभा राहिला की अख्खा देखावा जिवंत होतो. अंगरखा वयस्कर आणि जुन्या वळणाच्या माणसासाठी ठेवा, त्याबद्दल प्रश्न २१ बघा.

बटणं शिंपल्याची, शिंगाची, पितळेची किंवा कापडी घुंड्या. प्लास्टिक नको. चेन, वेलक्रो, इलॅस्टिक काहीच नको.

९. सगळं खादीचंच पाहिजे ना? जुन्या काळात तर सगळे खादीच घालायचे.

हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. मुंबईत कापडगिरण्या १८५० च्या दशकातच सुरू झाल्या, त्याच्याही आधीपासून विलायती कापड येत होतं. मिरज कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि मिलचं कापड इथल्या पेठेत आणणं सोपं झालं. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसवला, शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिल १९०६ मध्ये उभी केली. म्हणजे १९१० च्या साध्या माणसाच्या अंगावर मिलचं मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, अगदी स्वाभाविक आहे. हातमागाचं जाडंभरडं कापड पण होतंच, घोंगडी तर हातमागाचीच. पण चरख्यावरची खादी ही विचार म्हणून अंगावर घालणं गांधीजींच्या चळवळीबरोबर आलं, म्हणजे आपल्या काळाच्या अगदी शेवटाला.

त्यामुळं साधं, न चमकणारं, शंभर टक्के सुती मांजरपाट घ्या. ते खादीपेक्षा स्वस्त पडतं आणि या काळाला बरोबर बसतं. खादी घ्यायचीच असेल तर जाड पोताची घ्या, ती हातमागाच्या कापडासारखी दिसते आणि चालून जाते.

१०. कापड खरंच सुती आहे हे ओळखायचं कसं?

कडेचे चार दोरे काढा, चिमट्यात धरा, शेजारी पाण्याची वाटी ठेवा आणि पेटवा. सुती दोरा कागदासारखा भुरुभुरु जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि गार झालं की कडक मणी राहतो. मिश्र असेल तर जळतं पण आणि मणी पण होतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. एक अडचण आहे, व्हिस्कोस पण कागदासारखंच जळतं, पण ते हाताला बुळबुळीत आणि गार लागतं, अंगावर पाण्यासारखं लोंबतं, आणि ओलं केलं की लगेच फाटतं.

दुसरी परीक्षा उन्हाची. कापड भर उन्हात निळसर झगमगत पांढरं दिसत असेल तर त्यात आजची पांढरं करणारी रसायनं आहेत. जुनं पांढरं कापड थोडं पिवळसर, दुधाळ असायचं. कोरं मांजरपाट घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

११. मशीनवर शिवलं तर चालतं का, का हातानं शिवायचं?

आपल्या काळाला मशीन चालतं. शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलं आणि १९०० पर्यंत आपल्याकडच्या शहरातल्या शिंप्यांपर्यंत पोचलं होतं. शिवकाळ किंवा पेशवाई करणार असाल तर मात्र सगळं हातशिलाईच.

मशीन चालतं म्हणून ओव्हरलॉक (कापडाच्या कडेवरची मशीनची गुंफलेली शिवण) चालतं असं नाही. आतली शिवण दुमडून घ्यायला सांगा. आणि दोरा सुती द्या. शिंपी नेहमी पॉलिस्टरचा दोरा वापरतात, तो चकाकतो आणि वर्षभरात कापड जुनं झालं की शिवण वेगळी उठून दिसते. सुती दोऱ्याची रिळं आपणच घेऊन गेलेलं बरं. काजं हातानं घालून घेतली तर कपड्याचं रूपच बदलतं, पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडं वाचवा.

१२. रंग कुठले चालतात? जुन्या काळात सगळे रंग फिकट असायचे ना?

अजिबात नाही. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा आहे, कृत्रिम मंजिष्ठ रंग १८६९ नंतर बाजारात आला आणि कृत्रिम नीळ १८९७ मध्ये. म्हणजे १९०० च्या माणसाला गडद गुलाबी, जांभळा, लालभडक पटका मिळत होता. फक्त आजचे चमकणारे निऑन रंग नकोत. बाकी अंगातला कपडा बहुतेक पांढरा, रंग असायचा तो डोक्यावर, हे प्रमाण सांभाळलं की निम्मं काम झालं.

शिवकाळासाठी नियम कडक. नीळ, मंजिष्ठा, आल (एका झाडाचं मूळ), कुसुंबा, हळद, लाख यातनं जे निघतं तेवढंच.

१३. कोल्हापुरी फेटा बांधणारच ना? बांधायला माणूस बोलावू का?

लग्नात आणि मिरवणुकीत बांधतात तो जरीकाठाचा, उंच तुऱ्याचा फेटा हा सणाचा फेटा आहे. रोजचा पटका वेगळा. सुती, एका रंगाचा किंवा पांढरा, सैलसर, आणि माणूस तो स्वतःच्या हातानं चालता चालता बांधायचा. त्याच पटक्यानं घाम पुसायचा, त्यात भाकरी बांधायची, दुपारी बांधावर आडवं झालं की उशाला घ्यायचा. त्यामुळं तो कडक इस्त्रीचा आणि पाकळी न पाकळी मोजून बसवलेला दिसला की लगेच खोटा वाटतो.

एक मीटर रुंद आणि साडेतीन ते सहा मीटर लांब सुती कापड घ्या आणि स्वतः बांधायला शिका. चार पाच दिवसात हात बसतो. बांधणारा माणूस बोलावू नका, दुपारी वाऱ्यानं सुटला की तुम्हाला परत बांधता येणार नाही.

पगडी हा वेगळा प्रकार, ती आधीच बांधून घट्ट केलेली असते आणि टोपीसारखी घालतात. शहरातल्या ठराविक लोकांची ती ओळख होती, प्रश्न १८ वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि काहीही झालं तरी डोकं उघडं ठेवू नका. मोठा माणूस उघड्या डोक्यानं बाजारात आला म्हणजे घरात कोणी गेलं की काय असं लोकांना वाटायचं.

१४. पांढरी टोपी घातली की झालं, असं चालत नाही का?

गांधी टोपी १९२० च्या असहकार चळवळीच्या सुमाराला पसरली. १९०५ च्या देखाव्यात ती आली की पंधरा वर्षांची चूक होते आणि ही चूक आम्ही दर वर्षी बघतो. काळी किंवा गडद रंगाची गोल टोपी शहरातल्या तरुणांना चालते. खेड्यातल्याला पटकाच.

१५. चप्पल तर आपलीच हाय, कोल्हापुरी. कुठलीही घेतली तर चालंल ना?

कुठलीही नाही. बारीक वेणीची, सोनेरी गोंड्याची, पातळ तळाची ही फॅशनची चप्पल आहे. साध्या माणसाला जड, जाड तळाची, दोन्ही बाजूला कान असलेली, कापशी गावच्या वळणाची घ्या. तळ उलटा करून बघा. रबर नको, फोम नको, चिकटवलेलं नको, खिळे नकोत. तळाचे थर चामड्याच्या वादीनंच शिवलेले पाहिजेत. चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असेल तर त्याला एक ओळखीचा वास असतो आणि रंग उन्हात हळूहळू गडद होत जातो.

कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात फिरून कारागिराला सरळ सांगा की जुन्या पद्धतीचं पायताण पाहिजे, ज्यांना काम येतं त्यांना हे ऐकून आनंद होतो आणि ते वेळ घेऊन नीट करून देतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकन आहे म्हणजे ते वळण १९०० चं आहे असं नाही, वळण आपणच बघायचं. घेतल्यावर थोडं तेल लावून महिनाभर आधी घालायला सुरुवात करा, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी पाय सोलून निघतात.

शहरातल्या कोटवाल्याला लाल चामड्याचा पुणेरी जोडा किंवा साधा काळा बूट चालतो.

१६. शाहू जयंती म्हणजे भर पाऊस. रेनकोट घालायचा का छत्री?

घोंगडी. काळ्या देशी मेंढीच्या लोकरीची, हातमागाची, चिंचोक्याची खळ दिलेली. तिची खोळ करून डोक्यावरनं घेतली की पाऊस बराच वेळ आत येत नाही आणि ओली झाली तरी ऊब राहते. पट्टणकोडोलीसारख्या गावात धनगर, सनगर मंडळींची परंपरा आहे, तिथनं घेतलेली घोंगडी टोचते, मेंढीचा वास येतो, आणि ती तशीच पाहिजे. मऊ, हलकी, बिनवासाची मिळाली तर ती ॲक्रिलिकची आहे.

शेतातल्या देखाव्यात पानांचं इरलं पण चालतं. शहरातल्या माणसाला काळ्या सुती कापडाची, लाकडी दांड्याची छत्री बरोबर आहे, बटण दाबून उघडणारी नको.

१७. दाढी ठेवलीय, काढावी लागंल का? चष्मा, घड्याळ?

आज तरुणांमध्ये जी कोरलेली दाढी दिसते ती या काळातल्या साध्या हिंदू माणसाची नाही. मिशी पाहिजे, दाढी बहुतेकांना नसायची. मिशी नसली तर वाढवा. दाढी काढायचीच नसेल तर तुमच्या दाढीला बसणारा माणूस ठरवा, साधू, फकीर, वयस्कर मुसलमान गृहस्थ. केसांचं अवघड आहे, पुढचं डोकं भादरून शेंडी ठेवायची पद्धत होती पण आम्ही कोणावर सक्ती करत नाही, पटका नीट बसवला की आजचे केस झाकतात, कानशिलाच्या बाजूची रेघ मात्र मिटवा.

चष्मा लागत असेल तर गोल, बारीक धातूच्या काड्यांचा करून घ्या. मनगटी घड्याळ नको, पुरुषांमध्ये ते पहिल्या महायुद्धानंतर पसरलं. कोटवाल्याला साखळीचं घड्याळ चालतं. खेड्यातल्या माणसाकडं चंची (पानतंबाखूची पिशवी), चुन्याची डबी, कमरेला पैशाचा कसा. मोबाईल त्या पैशाच्या कशात मावतो, तिथंच ठेवा.

१८. पगडी आणि धोतरावरनं जात कळायची म्हणतात. मग आम्ही ते दाखवायचं का?

कळायची, ही खरी गोष्ट आहे, आणि ती लपवून गुळगुळीत देखावा करणं आम्हाला पटत नाही. पण ती कशी दाखवायची यात जबाबदारी आहे. आमची पद्धत अशी की कोणाच्याही जातीची नक्कल म्हणून पोशाख करायचा नाही, धंदा आणि प्रसंग धरून करायचा, आणि ज्या समाजाचा माणूस उभा करतोय त्या समाजातल्या लोकांना आधी विचारायचं, दाखवायचं, ते नको म्हणाले तर सोडायचं.

दुसरं म्हणजे दलित माणूस म्हटला की फाटकं धोतर एवढंच करू नका. गरिबी होती, अन्याय होता. पण हे तेच राज्य आहे जिथं १९०२ मध्ये मागास समाजांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या गेल्या, १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करण्याचे हुकूम निघाले, जिथं दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं आणि महाराज स्वतः तिथं चहा घ्यायला थांबले. १९२० च्या माणगाव परिषदेला बाबासाहेब अध्यक्ष होते. त्या काळातला शाळा शिकलेला, नोकरीतला, धुतलेला कोट घालून सभेला आलेला दलित तरुण दाखवा. तो इतिहास आहे आणि तो फार कमी वेळा दाखवला जातो.

१९. आमचा दोस्त मुस्लिम आहे, त्यानं काय घालायचं? आणि लिंगायत, जैन?

दोस्तानं मुसलमान माणूसच केला पाहिजे असं काही नाही, प्रश्न ४ त्यालाही लागू. करायचा असेल तर खेड्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखंच धोतर पटका बऱ्याच जणांचा असायचा, शहरात विजार, लांब कोट, आणि शिकलेल्या तरुणाला गोंड्याची लाल तुर्की टोपी. लिंगायत गृहस्थाच्या गळ्यात लिंग आणि कपाळाला विभूती. जैन शेतकऱ्याचं धोतर पटका इतरांसारखंच, फरक कपड्यापेक्षा चालीरीतीत जास्त. वारकरी असेल तर तुळशीची माळ आणि बुक्का. माळ, लिंग या वस्तू श्रद्धेच्या आहेत, ज्याची श्रद्धा नाही त्यानं शोभेसाठी घालू नयेत असं आमचं मत.

२०. पणजोबांचा जुना फोटो आहे, त्यावरनं सरळ कॉपी करू का?

करा, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्टुडिओत माणूस सगळ्यात चांगले कपडे घालून जायचा, कधी कधी कोट उसना असायचा, त्यामुळं फोटो म्हणजे सणाचा माणूस. दोन, साल फोटोमागं लिहिलेलं नसेल तर त्यातल्या माणसाचं वय आणि जन्मसाल जुळवून काढा, घरातल्या आठवणीत दहा वीस वर्षं सहज इकडंतिकडं होतात. तीन, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्या काळातल्या फोटोच्या काचांना लाल रंग नीट दिसत नव्हता. लाल किंवा भगवा पटका फोटोत जवळजवळ काळा येतो आणि निळा फिकट, पांढुरका येतो. फोटोत काळी पगडी दिसली म्हणून काळी करायला टाकू नका.

आबालाल रहिमान यांच्यासारख्या इथल्याच चित्रकारांची त्या काळातली रंगीत चित्रं बघायला मिळाली तर फोटोशेजारी ठेवून बघा, अंदाज सुधारतो.

आणि घरात खरा जुना कपडा निघाला तर तो अंगावर घालू नका. त्याचं माप घ्या, शिवणीचे फोटो काढा, तसाच दुसरा शिवून घ्या. जुना सुती कपडा घडीवर विरतो, एका घामाच्या दिवसात संपू शकतो. धुऊन, वाळवून, सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि घड्या दर काही महिन्यांनी बदला. नवीन शिवलेला कपडा जुना दिसावा म्हणून चहात बुडवायची पण गरज नाही, चहाचा डाग चहाचाच दिसतो. साध्या साबणानं धुवा, कडक उन्हात वाळवा, घालून काम करा. फाटलं की ठिगळ लावा, त्या काळात लावायचेच.

२१. आमच्या ग्रुपमध्ये विशीतली पोरं पण आहेत आणि सत्तरीतले आजोबा पण. सगळ्यांचं साल १९१२ आहे, मग सगळ्यांचे कपडे एकसारखेच करायचे का?

नाही. माणूस साधारण तरुणपणी लागलेल्या सवयीचेच कपडे पुढं घालत राहतो. १९१२ मध्ये सत्तर वर्षांचा माणूस म्हणजे जन्म १८४२ चा. त्याला अंगरखा किंवा बाराबंदी, उपरणं, जुन्या वळणाचं पागोटं द्या. चाळिशीतल्याला सदरा, कोट, पटका. विशीतल्याला आखूड कोट, गोल टोपी, पायात बूट, सोगा लांब सोडलेला. लहान पोरांना कुडतं आणि टोपी पुरते, खाली धोतर लवकर लागत नाही.

उलटं मात्र करू नका, म्हणजे १९१२ च्या आजोबांना १९२५ ची टोपी. मागं राहिलेला माणूस प्रत्येक गावात असतो, पुढं गेलेला नसतो. ग्रुपमध्ये एका वर्षी सगळ्यांचं जमत नसेल तर आधी आजोबांचा अंगरखा शिवायला टाका, कापड जास्त लागतं, बेतायला वेळ लागतो आणि तो कापता येणारे शिंपी आता थोडे राहिलेत, त्यामुळं दसऱ्यासाठी पाहिजे असेल तर श्रावणातच माप द्या.